मराठी वेबसाइट दिव्यांगांना वापरता यावी म्हणून: खर्च किती, फायदा काय, सुरुवात कुठून

वेबसाइट सुगम्य करायचा विषय संचालक मंडळात निघाला की पहिला प्रश्न येतो, "किती पैसे लागतील?" दुसरा जरा हळू आवाजात येतो, "पण आपल्याकडे अंध ग्राहक येतातच किती?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांना चिडून उत्तर देण्यात अर्थ नाही. गावची पतसंस्था, शाळा, साड्यांचे दुकान, वाचनालय अशा मध्यम आकाराच्या मराठी वेबसाइटचा सांभाळ ज्याच्या गळ्यात पडला आहे, त्याला ही उत्तरे स्वतः काढता यावीत म्हणून हा लेख. कोडिंग येत असेल तर उत्तम. येत नसेल तर डेव्हलपरकडून नेमके काय मागायचे, एवढे तरी नक्की कळेल.

माझे मत आधीच सांगून टाकतो. खर्चाचा अंदाज फुगतो तो बहुतेक वेळा पाने मोजल्यामुळे. मोजायचे असतात ते साचे, म्हणजे टेम्प्लेट. आणि जिथे खरोखर पैसा लागतो, त्या जागा कोटेशनमध्ये बऱ्याचदा नसतातच.

पायरी १: आधी स्वतःची साइट ऐका

पैशाचे बोलण्याआधी एक संध्याकाळ काढा. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह त्याला येऊन मिळाला. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजांत मराठीही आहे. आवाज यंत्रासारखा आहे, पण तपासणीला पुरतो. फोनवर तपासायचे असेल तर अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये टॉकबॅक असतोच. आयफोनवर आणि मॅकवर व्हॉइसओव्हर.

एनव्हीडीए सुरू करा, माउस बाजूला ठेवा, मॉनिटर बंद करा आणि टॅबची कळ दाबत जा. एखाद्या नेहमीच्या पतसंस्थेच्या मुख्यपानावर जे ऐकू येते ते साधारण असे असते:

"लिंक, ग्राफिक, आयएमजी अंडरस्कोर झीरो झीरो फोर. लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. बटन."

बस, एवढेच. पहिला ग्राफिक म्हणजे सरकत्या पट्टीतला अध्यक्षांचा फोटो. तीन "येथे क्लिक करा" म्हणजे ठेवी, कर्ज आणि अर्जाचे नमुने. कोणते कुठले, ते डोळ्यांनी पाहणाऱ्यालाच कळणार. दोन "एडिट, ब्लँक" म्हणजे खाते क्रमांकाचा आणि मोबाइल नंबरचा रकाना. शेवटच्या बटणाने अर्ज पुढे जातो की रद्द होतो, कोण जाणे.

आता एचची कळ दाबा. एनव्हीडीए शीर्षकांवरून उड्या मारत जायला हवा. अनेक साइटवर तो सांगतो की पुढे शीर्षक नाही, कारण शीर्षके नुसती ठळक आणि मोठी केलेली असतात. शीर्षक म्हणून त्यांची नोंद कोडमध्ये केलेली नसते. वर्तमानपत्राचे पान तुम्ही जसे मथळ्यांवरून नजर फिरवून वाचता, तशी सोय स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला या एचच्या कळीने होते. ती नसेल तर सगळे पान पहिल्या शब्दापासून ऐकत बसावे लागते.

मग मॉनिटर सुरू करून पुन्हा टॅब दाबा. आता बघायचे ते एवढेच, की आपण कुठे आहोत हे दिसते का. फोकसची चौकट, म्हणजे आपण ज्या लिंकवर किंवा रकान्यावर आहोत तिच्याभोवतीची रेघ, "दिसायला बरी नाही" म्हणून डिझायनर काढून टाकतात. हात थरथरतो म्हणून माउस धरता न येणाऱ्या माणसाची साइट तिथेच संपते.

जे अडले ते वहीत लिहा. ही यादी म्हणजे तुमच्या अंदाजपत्रकाचा कच्चा खर्डा.

पायरी २: पाने मोजू नका, साचे मोजा

या मुद्द्यावर एक जुना खटला फार बोलका आहे. सिडनी ऑलिंपिकच्या वेबसाइटवर चित्रांना पर्यायी मजकूर नाही, वेळापत्रकावरून खेळांच्या सूचीकडे जाता येत नाही आणि निकालांचे तक्ते वाचता येत नाहीत, अशी तक्रार ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने जून १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे केली. आयोजन समितीचा बचाव खर्चाचा होता: १,२९५ टेम्प्लेट आहेत, प्रत्येकाला दोन तासांपर्यंत वेळ लागेल, निकालांच्या तक्त्यांसाठी एका माणसाला रोज आठ तास धरून ३६८ दिवस लागतील, शिवाय जादा यंत्रणेवर सुमारे २२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च येईल. तज्ज्ञ साक्षीदारांनी हे गणितच मोडीत काढले. खरे साचे त्याहून पुष्कळ कमी आहेत, एकेकाला लागणारा वेळही दोन तासांपेक्षा खूपच कमी, आणि अनुभवी लोकांचा छोटा गट हे काम काही आठवड्यांत उरकेल, असे त्यांचे म्हणणे होते. २४ ऑगस्ट २००० रोजी निकाल मॅग्वायर यांच्या बाजूने लागला. समितीने तरी पूर्ण दुरुस्ती केली नाही, आणि तिला २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली.

तेव्हाचे तंत्रज्ञान आज राहिले नाही. अंदाज फुगवायची रीत मात्र तीच आहे. "साहेब, तुमची चारशे पाने आहेत, पानामागे अमुक रुपये" असे कोटेशन आले की थांबा. वर्डप्रेसवरच्या चारशे पानांच्या साइटमागे बहुधा सात-आठ साचे असतात: मुख्यपान, साधे पान, बातमी, यादी, फॉर्म, फोटोंचे दालन, शोध. माथ्यावरचा मेनू एकदा दुरुस्त केला की तो चारशे ठिकाणी दुरुस्त होतो.

अंदाज काढायची माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक प्रकारचे एक काम स्वतः करून पाहा, घड्याळ लावा आणि गुणाकार करा. समजा, साइटवर २०० फोटो आहेत आणि एका फोटोचे वर्णन लिहायला एक मिनिट लागते. म्हणजे ३ तास २० मिनिटे. हे काम ऑफिसातला कारकून करू शकतो, त्याला डेव्हलपर लागत नाही. चार फॉर्म आहेत, पैकी एकाला लेबल लावायला अर्धा तास लागला, तर चारांना दोन तास. अशा बेरजेतून येणारा आकडा कोटेशनशेजारी ठेवा. तफावत मोठी असेल तर विचारायला तोंड मिळते.

साइट नव्याने बनत असेल तर हा खर्च वेगळा काढताच येत नाही, इतका तो कामात मुरून जातो. बनून गेल्यावर करायला घ्याल तर ते गिलावा झाल्यावर भिंत फोडून वायरिंग करण्यासारखे होते. म्हणून पुढच्या दोन वर्षांत साइटचे रूप बदलायचेच असेल, तर आज फक्त अडकवणारे दोष काढा आणि बाकीचे नव्या कामाच्या अटींत घाला.

पायरी ३: सहा दोष, आणि त्यातला भगवा

वेबएम ही अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख मुख्यपाने यंत्राने तपासते. २०२५ च्या पाहणीत त्यातल्या ९४.८ टक्के पानांवर दोष सापडले. गंमत अशी की सापडलेल्या दोषांपैकी सुमारे ९६ टक्के अवघ्या सहा प्रकारांचे आहेत: फिकट अक्षरे, चित्राला पर्यायी मजकूर नसणे, फॉर्मच्या रकान्याला लेबल नसणे, रिकाम्या लिंका, रिकामी बटणे आणि पानाची भाषा न सांगणे. सहाही स्वस्तात निघतात. म्हणून सुरुवात इथूनच.

फिकट अक्षरे सगळ्यांत जास्त, आणि आपल्याकडे त्याचे एक खास रूप आहे. भगव्या पट्टीवर पांढरी अक्षरे. मंडळापासून महाविद्यालयापर्यंत सगळीकडे दिसतात. आंतरराष्ट्रीय निकष, म्हणजे डब्ल्यूसीएजी, सांगतो की साध्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेडातला फरक, निदान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांचा ३ ला १. एफएफ९९३३ या रंग-संकेतांकाच्या नेहमीच्या भगव्यावर पांढरे अक्षर घेतले तर गुणोत्तर येते सुमारे २.१. म्हणजे मोठ्या अक्षरांनाही ते नापास. त्याच भगव्यावर काळे अक्षर घ्या, ९.८ च्या पुढे जाते. भगवा सोडायची गरज नाही, अक्षराचा रंग बदला. स्टाइलशीटमधली, म्हणजे साइटचे रंगरूप ठरवणाऱ्या फाइलमधली, एक ओळ. पांढऱ्यावरची फिकट करडी अक्षरेही अशीच: ९९९९९९ हा करडा २.८५ वर अडकतो, ७६७६७६ घेतला की ४.५४ मिळतात. करड्यातला हा फरक डिझायनरला किरकोळ वाटेल, मोतीबिंदू वाढत चाललेल्या ठेवीदाराला मात्र जाणवतो.

पर्यायी मजकूर, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, लिहिणे हे कौशल्याचे काम आहे आणि ते यंत्रावर सोपवू नये असे मला वाटते. पैठणीच्या दुकानाच्या साइटवर "साडी" असे लिहिले तर नियम पाळला गेला, पण गिऱ्हाईक कोरडे राहिले. "हिरवी पैठणी, जांभळे काठ, पदरावर मोर, अंगभर बुट्टी" असे लिहिले तर मुलीच्या लग्नासाठी साडी शोधणाऱ्या अंध आईला निवड करता येते. तीच ओळ गुगललाही वाचता येते, त्याला फोटोतले काठ तुमच्या-माझ्यासारखे दिसत नाहीत. नुसत्या शोभेच्या चित्राला पर्यायी मजकूर रिकामा ठेवा, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून पुढे जातो. कोडमधला ऑल्ट हा गुणधर्मच गाळू नका, रिकामा ठेवा. गाळला तर स्क्रीन रीडर अनेकदा फाइलचे नाव वाचत बसतो.

फॉर्मच्या रकान्यात फिकट अक्षरांत "मोबाइल नंबर" असे लिहिलेले असते आणि टाइप करायला लागले की ते गायब होते. ते लेबल नव्हे. लेबल रकान्याबाहेर, कायम दिसणारे आणि कोडमध्ये रकान्याशी जोडलेले हवे. चूक झाली तर नुसती लाल चौकट दाखवू नका, काय चुकले ते शब्दांत लिहा.

रिकामी बटणे म्हणजे नुसते भिंगाचे किंवा तीन रेघांचे चिन्ह. त्यांना "शोधा", "मेनू" अशी नावे द्या. दहा मिनिटांचे काम.

पायरी ४: मराठी साइटची स्वतःची दुखणी

इंग्रजीतले मार्गदर्शक वाचून काम करणाऱ्याच्या हातून हे सगळे सुटते, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सहावा दोष भाषेचा, तो मराठीत सगळ्यांत महाग पडतो. पानाच्या कोडमध्ये सुरुवातीला भाषेची नोंद असते. मराठीसाठी तिची किंमत एमआर अशी हवी. आयत्या घेतलेल्या थीममध्ये ती इंग्रजीचीच राहून जाते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायला जातो. काही आवाज तो मजकूर सरळ गाळतात, पान कोरे असल्यासारखे. काही फोनांवर हिंदी आवाज पुढे येतो आणि "चाक", "जग" यांतले च आणि ज हिंदी वळणाने ऐकू येतात. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमधल्या सामान्य विभागात साइटची भाषा मराठी केली की बहुतेक थीममध्ये काम झाले. मधेच इंग्रजी परिच्छेद असेल तर त्याला त्याची भाषा वेगळी सांगा.

दुसरे दुखणे जुन्या फॉन्टचे. शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आपल्याला मराठी दिसतो. संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढिगारा असतो. परीक्षा सोपी आहे: मजकूर निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे कचरा उमटला तर स्क्रीन रीडरही तोच कचरा वाचणार. शोधातही तो सापडणार नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळे संगणक मराठी म्हणूनच ओळखतात अशा अक्षरांत, बदलून घ्या. फुकट कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावेच लागतात.

तिसरे दुखणे चित्रातल्या मजकुराचे. वार्षिक सभेची सूचना, ठेवींचे व्याजदर, प्रवेशाच्या तारखा हे सगळे व्हॉट्सॲपसाठी पोस्टर करून तेच साइटवर चढवले जाते. स्क्रीन रीडर म्हणतो "ग्राफिक", आणि विषय संपतो. पोस्टर ठेवा, पण खाली तोच मजकूर टाइप करा. व्याजदराचा तक्ता खऱ्या टेबलमध्ये घाला आणि रकान्यांना मथळे द्या, म्हणजे "एक वर्ष" आणि "ज्येष्ठ नागरिक" यांच्या छेदावरचा दर कोणता ते ऐकूनही कळेल.

देवनागरीच्या मांडणीचेही प्रश्न आहेत. इंग्रजी शीर्षकांना शोभणारे अक्षरांतले अंतर मराठीला लावले की शिरोरेखा तुटते आणि शब्द वाचवत नाही. ठरावीक उंचीच्या बटणांत वरची वेलांटी आणि खालचा उकार छाटला जातो, अक्षर दुप्पट मोठे केल्यावर तर हमखास. ब्राउझर २०० टक्क्यांवर नेऊन प्रत्येक साचा एकदा पाहा.

आणि एक, जे फार कमी लोक तपासतात: मराठी कीबोर्डवरून मोबाइल नंबर देवनागरी अंकांत लिहून पाहा. बहुतेक फॉर्म तो नाकारतात, वर "वैध क्रमांक टाका" असे सांगतात. आवाजाने टाइप करणाऱ्याला किंवा बोटे नीट न वळणाऱ्याला कीबोर्ड बदलायला लावण्यापेक्षा दोन्ही प्रकारचे अंक स्वीकारायला काहीच हरकत नसते.

पायरी ५: पैसा खरा जातो तिथे

वरचे सगळे मिळून लहान साइटला काही दिवसांचे काम. आता महागाच्या गोष्टी.

पीडीएफ पहिल्या क्रमांकावर. वर्षानुवर्षांचे अहवाल, परिपत्रके, अर्ज, बहुतेक स्कॅन केलेले. त्यांना ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर बनवणारा प्रोग्रॅम) लावून, शब्द तपासून, शीर्षके आणि तक्ते यांची खूणगाठ घालणे हे किचकट काम आहे. देवनागरीत तर युनिकोड पीडीएफमधूनही कॉपी करताना वेलांट्या इकडच्या तिकडे होतात. इथे सगळे दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. ज्यावाचून व्यवहार अडतो ते आधी घ्या: खाते उघडण्याचा अर्ज, कर्जाचा अर्ज, चालू वर्षाची सूचना. त्यातलेही शक्य तितके साध्या वेबपानावर आणा, पीडीएफ जोडीला राहू द्या. जुन्या कागदांसाठी पानावर एक ओळ लिहा, की वाचता येईल अशी प्रत मागणी केल्यावर मिळेल, आणि खाली फोन नंबर द्या. मग मागणी आली की ती प्रत खरोखर द्या. नवे कागद मात्र आजपासून नीट बनवा: वर्डमध्ये शीर्षकांच्या शैली वापरा आणि प्रिंटचा रस्ता न धरता थेट पीडीएफ म्हणून सेव्ह करा. याला पैसा लागत नाही, सवय लागते.

व्हिडिओ दुसरे. कर्णबधिरांसाठी उपशीर्षके हवीत. आपोआप बनणारी मराठी उपशीर्षके तपासल्याशिवाय ठेवू नका. व्यक्तिनामे, गावांची नावे आणि रकमा यांत ती घोळ घालतात. व्हिडिओतल्या बोलण्याचे लेखी टिपण बनवले तर ते पानावरही टाका.

तिसरे म्हणजे बाहेरून घेतलेले तुकडे: पैसे भरायचे दालन, तारीख निवडायचे कॅलेंडर, चित्र ओळखायला लावणारा कॅप्चा, तीस सेकंदांत संपणारा ओटीपी. तुमची साइट कितीही चांगली असली तरी ग्राहक इथे अडकला की बाकीच्या मेहनतीवर पाणी. हे कोड तुमच्या हातात नसते, म्हणून पुरवठादार निवडतानाच एनव्हीडीए लावून त्याचा नमुना तपासा.

आणि जिथे पैसा घालू नये ती जागा: "एक ओळ कोड टाका, साइट सुगम्य" असे सांगणारी विजेट. कोपऱ्यात व्हीलचेअरचे चिन्ह येते, त्यातून अक्षर मोठे करता येते. पण वापरणाऱ्याच्या फोनात ती सोय आधीच असते, आणि लेबल नसलेला रकाना लेबल नसलेलाच राहतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये ॲक्सेसीबी या अशा कंपनीला भ्रामक दाव्यांपायी दहा लाख डॉलर भरायला लावले. एवढ्यावरून काय ते समजावे.

पायरी ६: फायद्याचा हिशेब, न फुगवता

२०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख. जागतिक आरोग्य संघटना जगाचे प्रमाण १६ टक्के धरते, कारण तिची व्याख्या व्यापक आहे. सल्लागार मंडळी हा मोठा आकडा घेऊन "तुमची बाजारपेठ इतकी वाढेल" असे सांगतात. तसे होत नाही. तालुक्याच्या दुकानात त्यामुळे उद्या रांग लागणार नाही.

फायदा हळूहळू आणि आडवाटेने येतो. ज्यांना दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नाही, पण दृष्टी अंधुक आहे, सांधे आखडलेत, कानाला यंत्र आहे, असे ज्येष्ठ ठेवीदार पतसंस्थेच्या वहीत भरपूर असतात, आणि ठेवीही त्यांच्याच मोठ्या. चित्रातला मजकूर अक्षरांत आला की शोधात साइट सापडू लागते. सीनेट या तंत्रज्ञानविषयक साइटने व्हिडिओंची लेखी टिपणे द्यायला सुरुवात केल्यावर गुगलवरून येणारी वर्दळ ३० टक्क्यांनी वाढल्याचे सांगितले. ब्रिटनच्या लीगल अँड जनरल या विमा कंपनीने साइट सुगम्य करून घेतल्यावर शोधातून येणारी वर्दळ ५० टक्क्यांनी वाढली आणि देखभालीचा खर्च दोन तृतीयांशाने घटला. तिथे सगळी साइटच नव्याने बांधली होती, तेव्हा सगळे श्रेय सुगम्यतेच्या खात्यात टाकू नये.

तुमच्यापुरता हिशेब हवा असेल तर एक महिना टेलिफोनजवळ वही ठेवा. "व्याजदर किती?", "फॉर्म कुठे मिळेल?", "ओटीपी आला पण टाकता येत नाही" अशा फोनांच्या रेघा मारा. दुरुस्तीनंतर पुन्हा एक महिना. सोबत पाहा, ऑनलाइन अर्ज सुरू किती झाले आणि पुरे किती झाले. संचालक मंडळाला हे दोन आकडे जागतिक टक्केवारीपेक्षा लवकर पटतात.

कायद्याची बाजू थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये खासगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनी, फर्म, न्यास आणि सहकारी संस्थाही येतात. कलम ४६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही सुगम्यतेच्या नियमांत बसवते. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्याला ५०,००० ते ५ लाख. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालच्या नियमावलीतला सुगम्यतेचा नियम १५ नुसता शिफारसवजा ठरतो म्हणून कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष करायला सरकारला सांगितले. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात, ॲसिड हल्ल्यामुळे डोळ्यांची उघडझाप करता न येणाऱ्यांना ई-केवायसी (ऑनलाइन ओळखपडताळणी) करता येत नाही या तक्रारीवर, त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्यानंतर ३१ जुलै २०२५ ला शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने आपल्या कक्षेतल्या संस्थांसाठी परिपत्रक काढले. वारा कुठल्या दिशेला आहे ते स्पष्ट आहे. युरोपीय संघातल्या ग्राहकांना ऑनलाइन विक्रीसारख्या सेवा देणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना तर २८ जून २०२५ पासून तिथला सुगम्यता कायदा लागू झाला आहे, त्यातून सवलत आहे ती दहापेक्षा कमी माणसांच्या आणि वार्षिक उलाढाल किंवा ताळेबंद २० लाख युरोपर्यंत असलेल्या सेवा उद्योगांना.

पायरी ७: करार, तपासणी आणि नंतरचे दिवस

डेव्हलपरशी करार करताना "साइट दिव्यांगस्नेही असेल" एवढे लिहून भागत नाही. लिहा: डब्ल्यूसीएजी २.२ ची डबल ए पातळी (तीन पातळ्यांपैकी मधली). नुसत्या कीबोर्डवर सगळे फॉर्म पुरे होतील. एनव्हीडीए आणि टॉकबॅक लावून खाते उघडण्याचा अर्ज भरून दाखवला जाईल. शेवटचा हप्ता या प्रात्यक्षिकानंतर. सरकारी साइट असेल तर सरकारी वेबसाइटांची मार्गदर्शक तत्त्वे, त्यांची २०२३ ची तिसरी आवृत्ती, आणि भारतीय मानक १७८०२ यांचा उल्लेख हवा.

वेव्ह, ॲक्स आणि लाइटहाउस ही साइट आपोआप तपासणारी फुकट साधने आहेत, महिन्यातून एकदा फिरवा. पण ऑल्ट टेक्स्टच्या बाबतीत ती मुख्यतः तो आहे की नाही एवढेच सांगतात. तिथे भलत्याच साडीचे वर्णन लिहिले असले तरी खुशाल हिरवी खूण देतात. म्हणून एकदा तरी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाकडून साइट तपासून घ्या. त्याला दोन-तीन कामे द्या, व्याजदर शोधा, अर्ज भरा, आणि मधे बोलू नका. या कामाचे पैसे द्या. "समाजकार्य म्हणून जरा बघून द्या" असे त्यांना सारखे ऐकावे लागते. डेव्हलपरला तुम्ही तसे म्हणत नाही.

साइट बिघडते ती पुढे, रोजच्या हातांनी. सूचना चढवणाऱ्या कारकुनाने स्कॅन केलेला कागद टाकला, की मागच्या महिन्याची मेहनत त्या पानापुरती संपली. त्याला तासभर शेजारी बसवून तीन गोष्टी शिकवा: फोटोला वर्णन, शीर्षकाला शीर्षकाची शैली, सूचना टाइप करून. साइटवर सुगम्यतेचे एक छोटे पान ठेवा: काय केले आहे, काय राहिले आहे, अडचण आली तर कोणाला फोन करायचा. नाव, नंबर, वेळ. आणि तो फोन उचलणाऱ्याला आधी सांगून ठेवा की असे फोन येतील.